आंबट बिअर कशी आंबते? गोझ, लॅम्बिक आणि ब्रसेल्सच्या थंड रात्री

तुम्ही हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, म्हणजे एकतर लोकलमध्ये नेटवर्क गेलंय किंवा इअरफोन घरी राहिलेत. हरकत नाही. बोललेलंच थोडं साफसूफ करून इथे उतरवलंय. आणि आधीच सांगते, आजचा विषय बिअर आहे. ज्यांचं कायद्याने वय झालंय त्यांच्यासाठीच.

तर, सावर बिअर. म्हणजे मुद्दाम आंबट केलेली बिअर. मी कामासाठी ब्रसेल्सला राहायला आले तोवर बिअर म्हणजे माझ्या लेखी थंडगार, पिवळी, किंचित कडू लागर. आंबट लागली तर बाटली परत करायची, इतकंच माहीत. आपल्याकडे ‘आंबलं’ हा शब्दच मुळात तक्रारीचा ना! वरण आंबलं, भाजी आंबली, टाकून दे. पण गंमत बघा, त्याच स्वयंपाकघरात इडलीचं पीठ सकाळपर्यंत आंबलं नाही तर घर काळजीत पडतं. दुर्लक्षामुळे आंबणं वेगळं आणि विरजण लावून आंबवणं वेगळं. सावर बिअर या दुसऱ्या घरातली.

साध्या बिअरमध्ये यीस्ट काम करतं. ते साखर खातं आणि अल्कोहोल, वायू देतं. आंबट बिअरमध्ये त्याच्या जोडीला जिवाणू असतात, बहुतेक वेळा दही लावणाऱ्या जिवाणूंचेच नातेवाईक. ते साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. हा आंबटपणा मऊ, गोलसर, ताकासारखा असतो. दुसरा असतो अ‍ॅसेटिक, म्हणजे व्हिनेगरचा. तो नाकात जातो, घशाला टोचतो. पहिल्यांदा सावर पिताना एवढंच ओळखायचा प्रयत्न करा: हा आंबटपणा ताकाचा आहे की व्हिनेगरचा? निम्मी चव तिथेच उलगडते. आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. पहिला घोट जिभेला धक्का देतो, चव कळते ती तिसऱ्या घोटाला.

मला विचाराल तर सुरुवात जर्मनीपासून करा. बर्लिनर वाइसं ही बर्लिनची गव्हाची बिअर. हलकी, साधारण ३ टक्के अल्कोहोल, स्वच्छ लॅक्टिक आंबट. बर्लिनमध्ये तिच्यात लाल किंवा हिरवं सरबत घालून पितात. लाल रास्पबेरीचं, हिरवं वुडरफ नावाच्या सुगंधी पाल्याचं. उन्हाळ्यात छान लागते, पण हिच्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे नाही.

गोझ मात्र माझी लाडकी. गोस्लार गावावरून नाव पडलं, पण वाढली ती लाइपझिगमध्ये. हिच्यात काय घालतात माहितीये? मीठ आणि धने! आंबट, खारट, धन्याचा वास. अहो, हे तर मसाला ताक झालं. मराठी जिभेला गोझची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. अशी ही बिअर १९६६ मध्ये लाइपझिगमधून पार नाहीशी झाली होती. कोणी बनवतच नव्हतं. १९८० च्या दशकात हौशी लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि आज जगभर बनते. आपल्याकडच्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्येही फळं घातलेल्या आंबट बिअर दिसायला लागल्यात, कोकमाच्यासुद्धा. या बहुतेक झटपट पद्धतीच्या असतात: माल्टचा गोड काढा एक-दोन दिवस जिवाणूंच्या हवाली करायचा, हवा तेवढा आंबट झाला की उकळून जिवाणू मारायचे आणि मग यीस्ट घालायचं. याला केटल सावर म्हणतात. नाक मुरडायचं कारण नाही. चांगली जमली तर मजा येते. पण तिच्यात एकच सूर असतो.

अनेक सूर ऐकायचे असतील तर लॅम्बिककडे यायला हवं. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलँड हा भाग, लॅम्बिक इथली. इथे यीस्ट घालतच नाहीत. कोणतंही नाही. बार्लीचं माल्ट आणि कच्चा गहू (किमान ३० टक्के) यांचा काढा जुन्या, वाळवून ठेवलेल्या हॉप्सबरोबर तासन् तास उकळतात आणि मग छताखालच्या एका प्रचंड, उथळ भांड्यात ओततात. कूलशिप म्हणतात त्याला, मला तर ती खोलीभर पसरलेली परातच वाटते. झरोके उघडे ठेवायचे आणि रात्रभर काढा तसाच निवू द्यायचा. हवेतलं, वाशांवरचं जे काय यीस्ट, जे काय जिवाणू त्यात पडतील ते पडतील. सकाळी सगळं लाकडी बॅरलमध्ये.

मग सुरू होतो खरा खेळ, आणि तो चालतो वर्षानुवर्षं. आधी नको ते जिवाणू थोडे दिवस धिंगाणा घालतात. मग नेहमीचं यीस्ट येऊन अल्कोहोल करतं. त्यानंतर पेडिओकॉकस नावाचे जिवाणू सावकाश आंबटपणा आणतात. याच काळात कधीकधी बिअर घट्ट, बुळबुळीत होते. दह्याला तार सुटते ना, अगदी तशी. इथले लोक म्हणतात, बिअर आजारी आहे. ती ओतून देत नाहीत. थांबतात. कारण बॅरलच्या लाकडातच राहणारं ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट हळूहळू ती तार मोडून खातं आणि बिअर पुन्हा पातळ, स्वच्छ होते. लॅम्बिकला जो चमत्कारिक वास येतो तोही या ब्रेटचाच. इंग्रजीत त्याला घोड्याच्या घोंगडीचा वास म्हणतात. मला तो गोठ्यात रचलेल्या कडब्याचा वाटतो. नाव वाचून घाबरू नका, प्यायला छान लागतो.

एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरल्या की होते ग्योझ. (गोझ वेगळी, ग्योझ वेगळी. नावांचा हा घोळ मी केलेला नाही!) कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि शॅम्पेनसारखा फेस येतो. आंबट चेरी घातली की क्रीक. दुकानात घेताना मात्र लेबल वाचा. बऱ्याच फळांच्या लॅम्बिकमध्ये वरून साखर घातलेली असते, ते सरबतच. ‘आउडे ग्योझ’ लिहिलेली बाटली शुद्ध लॅम्बिकची असते, आणि तिच्यातली सगळ्यात जुनी लॅम्बिक किमान तीन वर्षांची असावी लागते.

ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागात कँटियॉन ही १९०० सालची ब्रुअरी आहे. १९७८ पासून तीच ग्योझचं संग्रहालयही आहे. तिथे बॅरलांवर कोळ्यांची जाळी लोंबत असतात आणि कोणी झाडत नाही. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून ते कामावर! तिथे समजलं की लॅम्बिक वर्षभर करता येत नाही. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, तेही रात्री पुरेशा थंड असतील तरच. हवा उबदार असेल तर काढा वेळेत निवत नाही आणि नको त्या जिवाणूंचं फावतं. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार होत्या की त्यांना ठरलेलं काम थांबवावं लागलं होतं. कूलशिपला यंत्राने गार करता येईलही, पण मग जी बिनविरजणाची बिअर म्हणून आपण पितो, ती राहणार नाही. गोझ कृती हातात असल्यामुळे परत आणता आली. थंड रात्रीची कृती कुठे लिहिलेली नसते. म्हणून इथे बिअरवाले हवामानाचा अंदाज आपल्याकडचा शेतकरी पाऊस बघतो तसा बघतात.

ग्योझ अगदी बर्फगार पिऊ नका, १०-१२ अंशांवर ठीक. सोबत इथल्या जुन्या कॅफेत मिळतो तो पाव: वर पांढरं मऊ चीज, मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात. मी त्यावर चिमूटभर मिरपूड घालते. बाटली मोठी असते, तिघांत फोडा. तळाशी गाळ दिसेल, तो यीस्टचा. शेवटचा घोट गढूळ होतो, पण मी तोही सोडत नाही.