हिरव्या झाडाचे पोकळ पोट

मंडळी, शाळेपुढचा जुना आंबा यंदा मोहरलाय, म्हणून तो धडधाकट आहे असे समजू नका. झाड जगते ते सालीलगतच्या ओल्या लाकडावर. मधला गाभा बहुतेक मेलेलाच. फांदी मोडली, घाव बसला, की तिथून बुरशी शिरते नि गाभा कुजवते. खोडावर कठीण अळंबी उगवली तर कूज आत बरीच पसरलेली असते. अशा झाडाखाली वर्ग भरवू नका.

झाड जखम भरून काढीत नाही, कुजीभोवती कुंपण घालते. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून हे पाहिले आणि १९७७ साली मांडले. म्हणून ढोली खरवडून सिमेंट भरू नका. खरवडताना ते कुंपणच फुटते. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते. ते राखून, त्याच्या लगत बाहेरून करवत चालवा. कुऱ्हाडीने खुंट राहतो, आणि कूज तिथूनच उतरते.