पाण्याची जुनी नोंद : आधी विहिरी, मग कारखाने

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते लांबणीवर टाकतो. देवासच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते विचारतात, धार जिल्ह्यात बदनावरजवळ भैंसोल्याला ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्क होतंय, १७ सप्टेंबर २०२५ ला भूमिपूजनही झालं. पण रंगाईचे कारखाने सुरूच झालेले नसताना विहिरींचं पाणी तपासून काय हाती लागणार?

पुढच्या भांडणाचा पुरावा हाती लागणार! उद्या पाणी खारट लागलं की ‘इथलं पाणी पहिल्यापासूनच असं’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि जुना कागद नसेल तर ते खोडता येत नाही. धारच्या काही भागांत तर भूजलात फ्लोराइड निसर्गतःच जास्त आहे. प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. या नैसर्गिक फ्लोराइडचं खापर कारखान्यावर फोडणंही बरोबर नाही.

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अहवालाला बहुतेक वेळा एकाच मोसमाची, तीही पावसाळा सोडून, आकडेवारी पुरते. मला हे मुळीच पटत नाही. माळव्यात काळ्या मातीखाली आपलाच बेसॉल्ट आहे. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं, म्हणजे साठा बेताचाच. मे महिन्यात तळाला गेलेली विहीर ऑक्टोबरात वर येते आणि तिच्यातले क्षारही बदलतात. साठा आटला की काय होतं ते देवासनं पाहिलंय; तिथं १९९० मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. २००६ नंतर त्याच जिल्ह्यात ‘रेवासागर’ शेततळी खोदली गेली. अशा तळ्याखालच्या विहिरीत मुरलेलं पावसाचं पाणी क्षार पातळ करतं, आणि प्रदूषण झालं तरी आकडा साळसूद दिसतो. म्हणून पार्कच्या वरच्या अंगाची एक आणि उताराची एक, अशा विहिरी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही मोसमांत तपासाव्यात.

तपासायचं काय? नुसता एकूण क्षारांचा आकडा मुका असतो. सुती कापडाच्या रंगाईत साधं मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर लागतं. बेसॉल्टमधल्या उथळ पाण्यात सहसा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असतं. सोडियम आणि क्लोराइड जोडीनं चढले, नायट्रेट मात्र हललं नाही, तर संशय रंगाईकडे. क्लोराइडबरोबर नायट्रेटही चढलं, तर आधी गावातले शोषखड्डे, उकिरडे आणि शेतातलं खत बघा. हा निवाडा नव्हे, पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं.

आणि नमुना घेताना घाई नको. बोअर आधी चालू ठेवा; नळीत साचलेलं शिळं पाणी बाटलीत जायला नको. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, ती बाटली वेगळी. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली, काचेची नको. बाटलीवर विहीर, तारीख आणि पाण्याची पातळी तिथेच लिहा.

सांडपाणी केंद्र पुढच्या आठवड्यात. तोवर असंच आणखी एखादं पत्र आलं नाही तर.