खेळाचा सर्व्हर : यंत्रसंवादाची ओळख

प्रास्ताविक

भाषा ही संकेतव्यवस्था आहे, हे आपण जाणता. दोन यंत्रे परस्परांशी बोलू लागली की त्यांनाही संकेत ठरवावे लागतात. अनेक खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाच्या संगणकीय खेळाचा सर्व्हर हे याचे बोलके उदाहरण होय. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये 'मड' हा असा खेळ रचावयास घेतला; पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढविला. त्यात चित्रे नव्हती. खेळाडूने स्थळाचे वर्णन वाचावयाचे आणि आज्ञा टंकित करावयाची. असाच एखादा मजकुरी खेळ आपण स्वतः रचत आहात, असे समजा.

१. संवादाचा आरंभ

सर्व्हर एका ठरलेल्या क्रमांकाच्या दाराशी, म्हणजे पोर्टवर, वाट पाहत असतो. टीसीपी या संकेतानुसार खेळाडूचे यंत्र प्रथम 'बोलू का?' असे विचारते. सर्व्हर 'बोला, माझे पोहोचते ना?' असा प्रतिसाद देतो; 'पोहोचते' असे उत्तर गेले की संवाद सुरू होतो. यानंतर पाठविलेला मजकूर त्याच क्रमाने पोहोचविण्याची आणि वाटेत गहाळ झालेला भाग पुन्हा पाठविण्याची जबाबदारी टीसीपी घेते.

२. पदच्छेदाचा प्रश्न

टीसीपी मजकुराचा क्रम राखते. एक संदेश कोठे संपला, हे मात्र सांगत नाही. जुन्या मोडी कागदांत शब्द सुटे केलेले नसत, वाचकालाच पदच्छेद करावा लागे. सर्व्हरपुढेही बाइटांची अशीच सलग ओळ येते. यावर रूढ उपाय असा, की प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याची लांबी लिहावयाची.

येथे मराठी लेखकाने विशेष सावध असावे. 'नमस्कार' या शब्दात आपण न, म, स्का, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणक मात्र न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हे साठवितो आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे लांबी २१ झाली. आपण लांबी ४ लिहिली, तर सर्व्हर 'न' आणि 'म'चा एक तृतीयांश तुकडा घेऊन थांबेल. उरलेले १७ बाइट तो पुढील संदेशाचा आरंभ समजेल आणि तेथून पुढे काहीच जुळणार नाही.

३. क्रम की वेग?

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. म्हणून जाऊन येण्यास निदान ७२ मिलिसेकंद लागणारच. धावत्या खेळात गहाळ संदेशासाठी एवढा वेळ थांबणे परवडत नाही. खेळाडू एव्हाना पुढे गेलेला असतो. म्हणून १९९६ च्या 'क्वेक'सारख्या खेळांनी यूडीपी हा संकेत वापरला. यात पोहोच मिळण्याची हमी नसते. पण जुन्या वार्तेसाठी नवी वार्ता अडून राहत नाही. आपल्या मजकुरी खेळास मात्र टीसीपीच योग्य, कारण गळलेला शब्द अर्थ बदलू शकतो.

४. अंतिम शब्द कोणाचा?

दोन खेळाडूंनी एकाच क्षणी 'मी खजिना उचलला' असे कळविले, तर काय करावे? त्यांतील एकाने आपल्या यंत्रातील आज्ञावलीच बदलली असेल, तर? यासाठी नियम असा : खेळाडूचे विधान स्वार्थी क्रियापदाचे असले तरी सर्व्हरने ते विध्यर्थी मानावे. 'उचलला' याचा अर्थ 'मला उचलता यावा' एवढाच घ्यावा. खजिना तेथे आहे काय, खेळाडू त्याच्याजवळ आहे काय, हे स्वतः तपासून सर्व्हरने निर्णय द्यावा आणि तो सर्वांस कळवावा. खेळातील न्याय या एका नियमावर उभा असतो.

समारोप

संकेत, पदच्छेद, काल आणि अर्थ हे आपल्या अभ्यासातील विषयच येथे नव्या वेषात भेटतात. तेव्हा 'हा प्रांत आपला नव्हे' असे मानण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. 'विद्या' या शब्दातील अक्षरे, चिन्हे आणि बाइट मोजा.
२. संदेशाची लांबी न लिहिता त्याचा शेवट कसा दर्शविता येईल? विरामचिन्हांच्या आधारे विचार करा.