मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

दरवर्षी १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या विद्यालयाकडे पुस्तकांची भेट येऊ लागते. मुंबईहून गावी येणारे माजी विद्यार्थी पिशवीतून पुस्तके आणतात, पालक एखादे चरित्र हाती ठेवतात, गावोगावची मंडळे खोका भरून ग्रंथ पाठवितात. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, तो आज आपल्या मुलांना पुस्तक देतो, याहून मोलाचे दान आम्हांस ठाऊक नाही. तरीही या दानाविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आमचे कर्तव्य आहे. आलेल्या पुस्तकांपैकी पुष्कळशी कपाटातच राहतात.

सहावीतल्या एका मुलाने मोठ्या आदराने एक जाडजूड चरित्रग्रंथ वाचावयास नेला होता. पंधरा दिवसांनी त्याने तो परत आणून दिला. वाचलास का, असे विचारता तो खाली मान घालून म्हणाला, "मला नाय जमत वाचायला." त्यानंतर कित्येक महिने तो ग्रंथालयाकडे फिरकला नाही. पुस्तक उत्तम होते, मुलगाही हुशार होता. चूक आमची होती. चौदा-पंधरा वर्षांनंतर जे द्यावयाचे, ते आम्ही अकराव्या वर्षी दिले, आणि आपल्याला वाचता येत नाही असा समज त्या मुलाच्या मनात पेरला.

दहा ते तेरा हे वय या दृष्टीने फार नाजूक आहे. या वयात अक्षरओळख मागे पडते आणि वाचनाची गोडी लागते, किंवा कायमची सुटते. आपल्या वसतिगृहातील अनेक मुले घरात स्वतःच्या आनंदासाठी पुस्तक उघडणारी पहिलीच असतात. त्यांना 'हे वाच, मी वाचले होते' असे सांगणारे कोणी घरी नसते. म्हणून त्यांच्यासाठी पुस्तक निवडणे ही आपणां सर्वांची जबाबदारी ठरते.

योग्य वेळी दिलेले एक पुस्तक काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे हे गुरुजी स्वतः ग्रंथकार होते. त्या विद्यार्थ्याच्या शालेय यशाबद्दल वस्तीतील मंडळींनी सत्कार घडवून आणला, तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. बाबासाहेबांनी तो पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत असत. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांनाच विचारले, की तुम्ही आम्हांला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही, आणि हेच ग्रंथ का वाचावयास लावता? कर्ण आणि द्रोण हे सामान्य स्थितीतून वर आलेले पुरुष. त्यांच्या कथा वाचून मुलांच्या मनातील न्यूनगंड जावा, असा वडिलांचा हेतू होता. त्या उत्तरात तथ्य आहे हे मुलाला जाणवले, तरी त्याचे समाधान झाले नाही. या संवादात आम्हांस तिघेही वंदनीय वाटतात : मूल पारखून पुस्तक देणारे केळुसकर, प्रश्न विचारणारा मुलगा आणि त्याला गप्प न बसविता उत्तर देणारे वडील.

चांगल्या पुस्तकाची आमची कसोटी यातूनच निघाली. जे वाचून मूल काही विचारावयास येते, ते पुस्तक चांगले. परंपरा सांगते किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मुलांच्या वाचनालाही तोच नियम लावावा.

मात्र प्रश्न पडण्यासाठी पुस्तक आधी समजले पाहिजे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. पुस्तक मधूनच उघडून मुलाला एक पान वाचावयास सांगावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावयास सांगावे. पान संपण्यापूर्वीच पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक एक-दोन वर्षे थांबवावे. एकही बोट मिटले नाही, तरी हरकत नाही; सोपे पुस्तक आनंदाने वाचणे हेही वाचनच होय.

दुसरी गोष्ट विषयाची. बोधपर पुस्तकेच द्यावीत असा आपला कल असतो. पण गोडी लागते ती बहुधा साहसाने आणि विनोदाने. फुरसुंगीहून पुण्याला शिकावयास आलेला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कितीतरी मुलांना वाचनाकडे घेऊन आला आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा थोड्या मोठ्या मुलांना आवडतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून याच वयासाठी निघते. त्याचे जुने अंकही संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. मोठे पुस्तक पाहून बिचकणाऱ्या मुलाला मासिकातील चार पानांची गोष्ट अधिक जवळची वाटते. जातककथा तर आपल्या परंपरेचे धन आहेत. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांतील माकडे, हरिणे, हत्ती मुलांना आपोआप आपलेसे करतात. परंतु प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य छापलेली आवृत्ती शक्यतो टाळावी. तात्पर्य मुलाने काढावयाचे असते.

तिसरी गोष्ट अशी, की पुस्तकात मुलाला कधीतरी आपले घर भेटले पाहिजे. घरी 'आयस', 'बापूस' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातली माणसे सतत परकी वाटू लागली, तर पुस्तक हे आपल्यासाठी नाही असे त्याला वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावच्या ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' या आत्मकथनात बांबूच्या टोपल्या विणणारी आपली आई उभी केली आहे. संपूर्ण पुस्तक मोठ्या वयाचे आहे; पण त्यातील बालपणाचे निवडक भाग शिक्षकांनी वर्गात वाचून दाखविले की मुले सावरून बसतात. आपल्या आजीचे कष्ट पुस्तकात छापले गेले आहेत, हे त्यांना प्रथमच दिसते. दलित आत्मकथनांतील वेदना मुलांपासून लपवू नये. मात्र ती एकट्याने वाचावयास देऊ नये, सोबत बसावे.

याच अनुषंगाने एक आठवण नोंदवितो. आपल्या अंजनवेलहून खाडी ओलांडली की दापोली तालुका लागतो. तेथील पालगड हे साने गुरुजींचे गाव. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. हे पुस्तक आपण मुलांना द्यावे की नाही, यावर आमच्यात दुमत होते. श्यामचे घर आणि आपले घर एक नव्हते. अखेर एका सायंकाळी वसतिगृहात त्याचे वाचन सुरू केले. आईपासून दूर राहणारी मुले डोळे पुसत ऐकू लागली. महार म्हातारीच्या डोक्यावर श्यामने मोळी चढवून देण्याचा प्रसंग आला. आईच त्याला मदतीला पाठविते, आणि घरी आल्यावर अंघोळ करावयास सांगते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, "मदत केली, मग अंघोळ कशाला?"

त्या सायंकाळी पुढचे पान उलटले गेले नाही. आईच्या मनात करुणा होती, तरी रूढीची भीती होतीच. एका माणसात दोन्ही कशा नांदतात, यावर मुले तासभर बोलली. कोणी आईची बाजू घेतली, कोणी म्हातारीची. हे पुस्तक दडवून ठेवले असते, तर तो प्रश्न विचारला गेला नसता. आणि निमूटपणे वाचावयास लावले असते, तरीही विचारला गेला नसता.

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमची नम्र विनंती आहे. पुस्तक देण्यापूर्वी त्याची निदान दहा पाने स्वतः वाचावीत. ते कोणत्या इयत्तेसाठी योग्य वाटते, हे पहिल्या पानावर लिहावे, आणि खाली दोन ओळींत आपल्याला ते का आवडले हेही लिहावे. दहा जाड ग्रंथांऐवजी एक पातळ पुस्तक आणावे, पण जमल्यास तासभर बसून ते मुलांना वाचून दाखवावे. सुटीत मूल घरी आले, की किती गुण मिळाले याबरोबरच काय वाचलेस, हेही विचारावे. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांनी मुलाकडून गोष्ट ऐकून घ्यावी. ऐकणारे कोणी आहे, हे कळले की मूल अधिक वाचते.

प्रारंभी उल्लेखिलेला तो सहावीतला मुलगा पुढे ग्रंथालयात परतला, तो 'किशोर'च्या एका फाटक्या अंकामुळे. दहावीच्या सुटीत त्याने तोच जाड चरित्रग्रंथ पुन्हा मागून नेला. तो परत करताना त्याने एका कागदावर सात प्रश्न लिहून आणले होते. त्यांपैकी तिघांची उत्तरे आम्हांला देता आली. उरलेल्या चारांसाठी आम्ही त्याच्यासोबत पुन्हा कपाटाकडे गेलो.