खाचरावरील कृत्रिम हिरवळ : कर्जत-खालापूर परिसरातील चिकणमाती व निचरा

कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांत आज ज्या भूखंडांवर बंगले आणि शेतघरे उभी आहेत, त्यांतील कित्येक भूखंड मूळचे भाताची खाचरे होत. अशा घराच्या परसात कृत्रिम हिरवळीचे लहानसे क्रीडांगण, म्हणजे व्यवहारात ज्यास नुसते ‘टर्फ’ म्हणतात ते, घालण्याची हौस अलीकडे वाढली आहे. दोन-तीन पावसाळे गेले की ते मध्ये खचते, कडेला फुगते, सांधे उघडे पडतात. आणि मग दोष हिरवळीच्या प्रतीस दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा तिच्याखाली असतो.

ह्या प्रदेशाचा पाया काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत माती उथळ व भरड असते आणि तिच्याखाली लगेच मुरूम लागतो. उल्हास व पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील सखल खाचरांत मात्र बारीक कणांची चिकणमाती साचलेली असते. हिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजांचे प्रमाण अधिक असल्यास, कणांच्या थरांमध्ये पाणी शिरून माती फुगते आणि उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेल्यावर आकसून भेगाळते. एप्रिलात रिकाम्या खाचरात पडणाऱ्या भेगा ह्याच क्रियेच्या खुणा होत.

त्यात खाचराची एक वेगळी अडचण आहे. भातासाठी वर्षानुवर्षे केलेल्या चिखलणीने मातीची कणरचना मोडते आणि नांगराच्या तासाखाली एक दाट, जवळजवळ अभेद्य थर तयार होतो. पाणी खाली मुरू नये हाच तर शेतकऱ्याचा हेतू. पिढ्यान्पिढ्या पाणी धरून ठेवण्यास शिकवलेल्या ह्या जमिनीकडून आपण आता पाणी तत्काळ सोडून देण्याची अपेक्षा करतो! सच्छिद्र खडीच्या थरातून पाणी जमिनीत आपोआप जिरेल, हा अन्यत्र चालणारा हिशेब येथे चालत नाही. खणलेला खड्डा भरलेल्या हौदासारखा वागतो.

हिशेब करून पाहावा. १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद क्रीडांगणाचे क्षेत्रफळ १६२ चौरस मीटर भरते. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १६,२०० लिटर पाणी होते. ह्या तालुक्यांत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत पडतो, हे ध्यानी घेता निचरा हाच ह्या कामाचा मुख्य विषय ठरतो, हिरवळ दुय्यम.

माती कितपत फुगते हे साध्या प्रयोगाने कळते. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती ऊर्ध्वपातित पाण्याच्या मोजपात्रात आणि तितकीच रॉकेलच्या मोजपात्रात टाकून २४ तास ठेवावी. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलातील मातीपेक्षा किती टक्के अधिक, हा मुक्त फुगवट्याचा निर्देशांक. तो ५० पेक्षा कमी असल्यास फारशी चिंता नसावी. १०० च्या वर गेल्यास नुसती खडी पसरून भागणार नाही.

अशा फुगणाऱ्या मातीवरील उपायांत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. आर. के. कट्टी यांचे काम प्रसिद्ध आहे. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, उदाहरणार्थ योग्य प्रतीच्या मुरमाचा, पुरेसा जाड थर खाली घातल्यास काळ्या मातीचा फुगवटा दबतो, असे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांसाठी ह्या थराची जाडी सुमारे एक मीटर धरतात. परसातील क्रीडांगणास इतका खर्च क्वचितच परवडतो. तेथे वरची माती काढून तळच्या मातीत चुना मिसळणे व तीवर मुरूम दाबणे हा मध्यम मार्ग होय.

मुरूम १५ सेंटीमीटरांच्या थरांनी, वाफसा असतानाच, रोलरने दाबावा. कोरडा मुरूम दबत नाही व ओला रोलरखाली सरकतो. त्यास एका बाजूस शंभरास एक ह्या प्रमाणात उतार द्यावा. ९ मीटर रुंदीत तो ९ सेंटीमीटर होतो. त्यावर पाणी न झिरपणारा जाड पत्रा, मग भू-वस्त्र, खडी व कच, आणि सखल कडेच्या चरात छिद्रांची नळी. क्रीडांगणाच्या मधल्या मातीतील ओल बहुधा स्थिर राहते. कडेची मात्र ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून बिघाड कडेपासून सुरू होतो. पत्रा कडेबाहेर मीटरभर न्यावा आणि मोठी झाडे दूर ठेवावीत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात ओल शोषून घेतात.

रायगडातील कबड्डीचे मातीचे मैदान ह्या सर्वांतून मोकळे असते. पावसाळा संपला की ते खणून, भिजवून, धुमसाने चोपून नव्याने घडवता येते. भेग पडली तरी बिघडत नाही. कृत्रिम हिरवळ मात्र कित्येक वर्षांसाठी एकदाच अंथरावयाची असते. १९६६ साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमने तिला नाव दिले आणि १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच तिच्यावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तेथे सातवा आला.

पाणी शेवटी जाते कोठे, हा प्रश्न आराखड्यात बहुधा नसतो. शेजारी अद्याप भात लागत असेल तर बांध फोडून त्याच्या खाचरात पाणी सोडणे अन्यायाचे आहे. नळी थेट नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्यावी. रबराचे कण पसरलेली हिरवळ असल्यास ते कणही पाण्याबरोबर वाहतात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा कणांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीने बंदी घातली. येथे वाळूचे भरण पसंत करावे. उन्हात तिचा ताप रबराहून थोडा कमी असतो, जरी मे महिन्याच्या दुपारी कोणतीच कृत्रिम हिरवळ अनवाणी खेळण्याजोगी नसते. माथेरानच्या भोवतालचा काही भाग ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण-संवेदनशील ठरला आहे व त्यात ह्या दोन्ही तालुक्यांतील गावे येतात. उत्खननापूर्वी भूखंड त्यात मोडतो की काय, हे तहसील कार्यालयात पाहून घ्यावे.

काम दिवाळीनंतर, जमिनीस वाफसा आल्यावर काढावे व एप्रिलपूर्वी संपवावे. नळीच्या तोंडाशी गाळ धरणारी कुंडी बांधून ती दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी उपसावी.