माळ्यावरच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकताना

भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्या लाँग प्ले ध्वनिमुद्रिका आजही अनेक मराठी घरांच्या माळ्यावर पडून आहेत. गेल्या काही वर्षांत नवी टर्नटेबल्स पुन्हा दुकानांत दिसू लागल्याने त्या खाली काढाव्यात, अशी इच्छा अनेकांना होते. घरात सीडीसाठी घेतलेला स्टिरिओ असतोच. त्याच्या मागच्या ‘ऑक्स’ जोडणीत टर्नटेबलची वायर खोचली की झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात आवाज येतो तो शेजारच्या घरातून आल्यासारखा. क्षीण, किनरा आणि डग्ग्याचा घुमार हरवलेला. दोष बहुधा तबकडीचाही नसतो आणि टर्नटेबलचाही नसतो.

सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा संदेश निघतो. टर्नटेबलवरच्या प्रचलित ‘मूव्हिंग मॅग्नेट’ कार्ट्रिजमधून निघतो तो अवघा ३ ते ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे सुमारे चारशे ते साडेसहाशे पटींनी दुबळा. तो केवळ वाढवूनही भागत नाही. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, कारण ते पूर्ण ताकदीने कोरले तर खाचा रुंद होऊन एका बाजूवर फारच थोडे संगीत मावेल. उलट तार स्वर चढवून कोरतात, म्हणजे ऐकताना ते खाली आणले की तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. किती दाबायचे आणि किती चढवायचे याचे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने ठरवून दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. हे प्रमाण उलटवून मूळ तोल परत आणणारा विभाग म्हणजे ‘फोनो’. डग्गा हरवतो तो या विभागाच्या अभावी.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा विभाग असे. सीडी रुळल्यावर उत्पादकांनी तो अनेक ठिकाणी गाळला. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घेताना वॅटचा आकडा पाहण्याआधी मागच्या बाजूला ‘फोनो’ असे लिहिलेली जोडणी आहे का, ते पाहावे. आधीचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला असेल तर तो बदलण्याचे कारण नाही. वेगळा छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर मध्ये जोडता येतो. काही नव्या टर्नटेबल्समध्ये तो आतच असतो. तसे असल्यास दोन्हीपैकी एकच वापरावा, अन्यथा आवाज फाटतो.

वॅटची आपल्याकडे उगाच चढाओढ असते. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकायला ३०-४० प्रामाणिक वॅट पुरेत. स्पीकर ४ ओहमचे असतील तर मात्र ते अ‍ॅम्प्लिफायरला झेपतील का, हे विचारून घ्यावे.

परदेशातल्या नातलगांकडून आलेल्या जुन्या यंत्रांबाबत एक सावधगिरी हवी. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावून हा फरक मिटतो. पण तिथल्या विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ आणि इथली ५० हर्ट्‌झ, हे ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. जुन्या टर्नटेबलची मोटर वारंवारतेवर चालणारी असेल तर तबकडी एक षष्ठांशाने मंद फिरते आणि काळी चारमधले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते. रियाजी कानाला हे असह्य होईल.

पैसे राखून ठेवावेत ते सुईसाठी. अ‍ॅम्प्लिफायर सुमार निघाला तर उद्या बदलता येतो. झिजलेली सुई मात्र खाच कायमची खरवडते. चांगले कार्ट्रिज साधारण दीड-दोन ग्रॅम भाराने चालते. पेटीवजा स्वस्त प्लेअरमध्ये हा भार बरेचदा कितीतरी अधिक असतो. जुन्या सुईवर भरवसा ठेवू नये, ती आधी बदलावी. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांची खाच तर लाँग प्लेच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. त्यांना सुमारे चौपट जाड टोकाची वेगळी सुई लागते आणि ७८चा वेग असलेले टर्नटेबलही लागते. हा वेग आजच्या अनेक यंत्रांत नसतो. नाट्यसंगीताच्या कित्येक तबकड्या सीडीवर कधी आल्याच नाहीत. घरातली प्रत हीच कदाचित शेवटच्या काही प्रतींपैकी एक असेल.

जोडणी झाल्यावर स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला जोडलेली आहे का, ते तपासावे. आणि टर्नटेबल स्पीकर असलेल्या फळीवर ठेवू नये. स्पीकरची कंपने सुईपर्यंत पोचतात आणि तीही ऐकू येऊ लागतात.