धानातला फॉस्फरस जातो कुठे?

धानाची चुरणी झाली की भंडारा जिल्ह्यात घरोघरी तणसाचे ढीग उभे राहतात. उन्हाळ्यात चराई आटली की ढोरांचं पोट भरतं ते या तणसावर. भरतं खरं, पण अशातच एखादी गाय हाड चघळताना दिसते, चपलेला तोंड लावते, भिंत चाटते. लोक म्हणतात, खोड लागली. खोड कसली, बहुतेक वेळा ती फॉस्फरस शोधत असते!

१९२०च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर या पशुवैद्यकापुढे असंच कोडं होतं. माळावरची गुरं लुळी पडून मरत. ती मेलेल्या जनावरांची हाडं चघळत आणि त्यातलं जंतुविष त्यांना मारी. पण हाडं चघळायची कशाला? गवतात फॉस्फरस पुरेसा नव्हता म्हणून. हाडांचा भुगा खाऊ घातल्यावर चघळणं थांबलं.

आपल्या धानाचं काय होतं बघा. दाणा भरू लागला की पानं-काड्यांतला बहुतेक फॉस्फरस लोंबीत जातो. पुढच्या रोपाची शिदोरीच ती. मागच्या तणसात तो ०.१ टक्क्याच्या आसपास उरतो, सिलिका मात्र १० टक्क्यांच्या वर. शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमलाही अडकवून ठेवतं. त्यात म्हैस व्याली की दुधाबरोबर आणखी फॉस्फरस निघून जातो. कमतरता टोकाला गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशींना ऊर्जा मिळेनाशी होते, त्या फुटतात आणि लघवी काळपट लाल येते. वेळेवर शिरेतून फॉस्फेट दिलं तर जनावर वाचू शकतं.

नुसतं रक्त तपासून नेहमी कळतंच असं नाही, कारण हाडं आपला साठा देऊन रक्तातली तूट झाकत राहतात. म्हणून संशोधक माती, चारा आणि रक्त तिन्ही तपासतात आणि त्या-त्या भागापुरतं खनिज मिश्रण ठरवतात. भंडारा जिल्ह्यातच, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजरूकला मँगनीजची खाण आहे. पण जमिनीत एक खनिज मुबलक म्हणून चाऱ्यात दुसरंही असेल, असा नियम नाही.

मग लोंबीतला फॉस्फरस जातो कुठे? राइस मिलमध्ये! तांदूळ पॉलिश करताना निघणाऱ्या बारीक कोंड्यात तो १ टक्क्याहून जास्त असतो. तो बहुतांशी फायटेटच्या रूपात असल्याने आपल्या पोटाला पचायला जड. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र ते फोडून फॉस्फरस मोकळा करतात. कोंड्यातलं तेल काढून घेतलं तरी फॉस्फरस मागेच राहतो. कॅल्शियम मात्र त्यात नगण्य, म्हणून जोडीला खनिज मिश्रण द्यावंच लागतं.